अकराव्या मजल्यावरून खाली

अकरावा मजला मीच निवडला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणाला दोष द्यायला जागा उरणार नाही.

पालेगावात आमची भाताची खाचरं होती आणि त्यांच्या कडेला बैठं कौलारू घर. बिल्डर आला तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांनी जमीन दिली, आम्हीही दिली. त्यात गळा काढण्यासारखं काही नव्हतं. लावणीला माणूस मिळेना, आणि मी मोरिवलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. चिखलात उतरायला मला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती. मूळ मालक म्हणून मजला निवडायची मुभा आम्हाला होती. बिल्डरच्या ऑफिसात टेबलावर नकाशा पसरलेला, एसी चालू, समोर थंड पाण्याच्या बाटल्या. वर डास कमी, धूळ कमी, कारखान्यांचा वास कमी, शिवाय मलंगगडाचा डोंगर दिसतो, असं जो तो सांगत होता. मी अकराव्या मजल्यावर बोट ठेवलं. बाबा शेजारच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. ते एवढंच म्हणाले, "खालचा नाय का भेटत?"

"लिफ्ट आहे बाबा," मी म्हणालो. "एक सोडून दोन आहेत."

बिल्डरचा माणूस हसला. मीही हसलो. बाबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि विषय संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला.

आमच्या गावदेवीची पालखी चैत्रात निघते. तिचा एक जुना नियम आहे. पालखी फिरत असताना कुणी तिच्याहून उंच जागी राहायचं नाही. लहानपणी ढोल ऐकू आला की कौलं चाळणारा गडी शिडीवरून उतरायचा, आंब्यावर चढलेली आम्ही पोरं उतरायचो, माळ्यावर कांदे निवडत बसलेली आई हातातलं काम टाकून खाली यायची. शेजारच्या काकांनी तर एकदा आमच्या छपरावर झोपलेल्या मांजराला बांबूने हुसकलं होतं. मांजर गेलंच, पण जाताना चार कौलं पाडून गेलं, आणि त्यावरून आई आठवडाभर काकांशी बोलत नव्हती. पालखी प्रत्येक घराच्या दारात थांबायची. सगळे अनवाणी उभे असायचे. गावच बैठं होतं, त्यामुळे नियम पाळायला काही कष्ट पडत नसत.

पालखीची वाट आजही तीच आहे, फक्त दोन्ही अंगांना टॉवर उभे आहेत. नवीन राहायला आलेली मंडळी गॅलऱ्यांमध्ये उभी राहून मोबाइलवर शूटिंग करतात आणि वरून फुलांच्या पाकळ्या उधळतात. भली माणसं आहेत, श्रद्धेनेच करतात. कुणी ठाण्याहून आलेलं, कुणी डोंबिवलीहून, त्यांना कोण सांगणार? पहिल्या वर्षी गावातल्या दोन-चार म्हाताऱ्यांनी खालून हात हलवून, ओरडून पाहिलं. वरच्यांना वाटलं आपल्यालाच नमस्कार करताहेत, त्यांनीही हात हलवले. मग म्हाताऱ्यांनी नाद सोडला.

बाबा मात्र दरवर्षी लिफ्टने खाली यायचे आणि गेटपाशी उभे राहायचे. तसे ते रोजच खाली असायचे. सकाळी चहा झाला की उतरायचे ते जेवायलाच वर यायचे, आणि जेवून पुन्हा खाली. कधी देवळाच्या पायरीवर, कधी वॉचमनच्या केबिनशेजारी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "घरात काही प्रॉब्लेम आहे का? काका सारखे खाली असतात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाबांना म्हणालो, घरात टीव्ही आहे, पंखा आहे, हवा आहे, जरा वर बसत जा. ते म्हणाले, "वर करमत नाय." आई गेल्यापासून एकटे पडलेत, असं मी आणि बायकोने ठरवून टाकलं.

दुसरा वादाचा विषय म्हणजे त्यांच्या खोलीचा पडदा. खिडकीतून थेट खाली गावदेवीचं देऊळ दिसतं, कळस आणि पत्र्याचा सभामंडप, आणि मागे डोंगर. एवढी सुंदर खिडकी, पण हा माणूस दिवसाढवळ्या पडदा ओढून घ्यायचा. वाऱ्याने सरकू नये म्हणून कपड्यांचे चिमटे लावायचा. मी चिमटे काढायचो, संध्याकाळी कामावरून येईपर्यंत ते पुन्हा लागलेले. "डोल्याला उजेड सोसत नाय," म्हणायचे. मोतीबिंदू काढून आणला, तरी पडदा तसाच. मी चिडून एकदा म्हणालोही, "मग एवढ्या वर घर घेतलं कशाला?" त्यांनी पडद्याला पुन्हा चिमटा लावला.

गेल्या दिवाळीनंतर ते बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्यांचं सगळं जग वॉकरने जाता येईल एवढं उरलं. पलंगापासून संडासापर्यंत, संडासापासून जेवणाच्या टेबलापर्यंत. डॉक्टरकडे जायचं तेवढं खाली जाणं. तेव्हापासून मीही थकलो. नोकरी, औषधं, फिजिओथेरपीवाला, रात्री दोनदा उठणं. माझं वय पंचावन्नच्या पुढे गेलंय, गुडघे बोलायला लागलेत. चिडचिड करायची नाही असं रोज सकाळी ठरवतो आणि दुपारपर्यंत मोडतो.

पालखीच्या दिवशी मी हाफ डे टाकून निघालो. अंगाला कारखान्याचा वास, हातात नारळ आणि हाराची पिशवी. गेटवर वॉचमन म्हणाला, "साहब, लाइट गया है. सुबह से." जनरेटर? "वो भी बंद." मग लिफ्टचं विचारण्यात अर्थच नव्हता. अकरा मजले चढलो. सातव्यावर बसलो, नवव्यावर पुन्हा बसलो. दारात पोहोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता.

बाबा पलंगावर बसले होते. पांढरा सदरा, धोतर, टोपी. शेजारी वॉकर.

"सकाळपासून तयार बसलेत," बायको हळू आवाजात म्हणाली. "जेवले नाहीत."

मी पाणी प्यायलो आणि शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं, "बाबा, लिफ्ट बंद आहे. या वर्षी गॅलरीतूनच नमस्कार करू. खुर्ची टाकून देतो. वरून मस्त दिसेल."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणी परका माणूस घरात शिरलोय.

"वरून?" ते म्हणाले.

मग वॉकर धरून उठले आणि दाराकडे निघाले. आम्हाला वाटलं पॅसेजपर्यंत जाऊन येतील. ते जिन्यापाशी गेले, वॉकर भिंतीला टेकवला, कठडा धरून पहिल्या पायरीवर बसले, आणि तसेच बसून खालच्या पायरीवर सरकले. मग त्याच्या खालच्या. ऑपरेशनचा पाय सरळ पुढे धरलेला, दोन्ही हात मागे टेकलेले.

"अहो, काय करताय!" बायको ओरडली.

"पालखी कवा येल?" त्यांनी मला विचारलं.

"साडेपाचला. बाबा, हे काय चाललंय? असे अकरा मजले उतरणार तुम्ही?"

"मंग वेल हाय," ते म्हणाले, आणि आणखी एक पायरी सरकले.

मला भयंकर राग आला. ते पडतील म्हणून नाही. मी दमलो होतो म्हणून. एक दिवस, फक्त एक दिवस या माणसाने माझं ऐकावं असं वाटलं. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. मजल्यामजल्यावर ऐकू गेलं असणार, कारण नवव्या मजल्यावरचे शेजारी वर आले. उल्हासनगरात त्यांचं फर्निचरचं दुकान आहे. सिंधी गृहस्थ, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठेच, पोट सुटलेले, पण हात लोखंडासारखे.

"क्या हुआ साईं? कशाला चिल्लाते?" ते म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी बाबांकडे पाहिलं, जिन्याच्या वळणाकडे पाहिलं, बोटांनी हवेत काहीतरी मापलं. "अरे, यात काय आहे? तीन दरवाजे का कपाट उतारते हम लोग अशा जिन्यावरून. काका तर कपाटापेक्षा स्लिम आहेत."

मी आमची प्लास्टिकची खुर्ची आणली. ती त्यांनी हातानेच परत पाठवली. "ये नहीं चलेगा, पाय फाकतात तिचे." स्वतःच्या घरून ते लाकडी हातांची खुर्ची घेऊन आले. बायकोने जुनी सुती साडी आणली, तिने बाबांना पोटाशी आणि मांड्यांशी बांधलं. खाली शेजारी, वर मी. "वजन सगळं खालच्या माणसावर येतं," ते म्हणाले, आणि मी काही म्हणायच्या आत खालची बाजू धरली. "तुम्ही फक्त मागे खेचून ठेवा. वळणावर घाई नाय करायची. कपाट फुटतं ते वळणावर."

"तू दमशील," बाबा त्यांना म्हणाले.

"काका, रोज सोफासेट उचलतो मी. तुम्ही काय चीज आहे?"

बाबा खरंच हलके झाले होते. खळ्यावर भाताचे भारे डोक्यावर आणणारा माणूस, आणि आता खुर्चीसकट दोन म्हातारे त्याला उचलू शकत होते.

दर मजल्यावर थांबायचं, खुर्ची टेकवायची, घाम पुसायचा, पुन्हा उचलायची. बायको पुढे वॉकर आणि आरतीचं ताट घेऊन. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पालखी कुठे आली ते कळत होतं, ते ती वाचून दाखवायची. आम्ही नवव्यावर होतो तेव्हा पालखी शाळेपाशी होती. सातव्यावर आलो तेव्हा तलावाकडे वळली होती. दर वेळी बाबा विचारायचे, "आपून कितव्यावर हाय?"

चौथ्या मजल्यावर गाडं अडलं. वळणावर कुणीतरी दोन सायकली आणि चपलांचं कपाट ठेवलेलं. शेजाऱ्यांनी सायकली हलवल्या, पण कपाट भिंतीला ठोकलेलं होतं. खुर्ची तिरकी करायची, तर बाबांचा सरळ पाय मध्ये आडवा येत होता. तेवढ्यात ढोल ऐकू आले. लांबून, पण ढोलच.

बाबांनी कठडा घट्ट धरला. "मना खाली ठेव. मी सरकत जातो. सोड मना."

"बाबा, घाई करू नका. दिसेल तुम्हाला. नक्की दिसेल."

"बघायला नाय रं!" ते जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाले.

बघायला नाही तर कशाला, हे विचारायला माझ्या छातीत हवा नव्हती. शेजाऱ्यांनी त्यांचा पाय हळूच खांद्यावर घेतला आणि खुर्ची उभीच्या उभी कपाटावरून पलीकडे उतरवली. कशी, ते मला अजून समजलेलं नाही. उरलेले मजले आम्ही न थांबता उतरलो.

गेटपाशी पोहोचलो आणि पालखी कोपऱ्यावरून वळली. जिथे आमच्या घराचं दार होतं तिथे आता गाड्या अडवायचा दांडा आहे. पण पालखी तिथे थांबते, भोयांना सवय आहे. बाबांनी साडी सोडायला लावली. खुर्चीत बसून नको, म्हणाले. बायकोने वॉकर पुढे केला, मी काखेत हात घातला, आणि ते उभे राहिले. भोयांनी त्यांना पाहून पालखी बरीच खाली घेतली. बाबांनी कपाळ टेकवलं ते टेकवूनच राहिले. ओठ हलत होते. एवढा वेळ की मागचा ढोलवाला थांबून बघायला लागला. वरून पाकळ्या पडत होत्या. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून कुणी बाई हौसेने ओरडली, "काका, इकडे वर बघा ना!" बाबांनी वर बघितलं नाही.

पालखी पुढे गेली. मी त्यांना वॉचमनच्या केबिनशेजारी सावलीत बसवलं. शेजाऱ्यांनी कोपऱ्यावरून लिंबू सरबत आणलं. बाबांनी सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी पोटात घातलं. चेहरा निवळला होता. तासभर तसेच बसलो, लाइट काही आली नाही.

"अंधार पडायच्या आत वर जाऊ," मी म्हणालो. चढायचं या विचारानेच माझे पाय जड झाले होते.

"मी हितंच बसतो," बाबा म्हणाले. "तुमी जा."

"आणि झोपणार कुठे?"

त्यांनी केबिनकडे बघितलं. आत एक बाकडं होतं आणि खुंटीला वॉचमनचा शर्ट. ते अशा नजरेने बघत होते की मला बिल्डरच्या ऑफिसातला मी आठवलो, नकाशावर वाकलेला. मग त्यांनीच मान हलवली आणि खुर्चीच्या हातांवर हात ठेवले.

चढतानाही खाली शेजारी, वर मी. बायको दार उघडायला पुढे गेली. सहाव्या मजल्यावर खुर्ची टेकवली, शेजारी पायरीवर बसून रुमालाने मान पुसू लागले. मला राहवलं नाही.

"बाबा, बघायचं नव्हतं तर एवढा हट्ट कशाला केलात?"

ते म्हणाले, "खिडकीखाली तिचा देऊल हाय. मी तिच्या डोक्यावर निजतो. बारा महिने, तेरा काल. पालखीच्या दिशी तरी खाली नको का?"

मला पडदा आठवला. चिमटे आठवले. दिवसभर देवळाच्या पायरीवर बसणं आठवलं. बिल्डरच्या ऑफिसातलं ते एकच वाक्य आठवलं.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू खुशीत व्हतास."

कठडा धरून उभा राहिलो. "आज एवढा वेळ काय सांगत होता तिला?"

"दर साली सांगतो तोच. घर पोरानं घेतला. पोराला ठावा नव्हता. त्याच्यावर नको ठेवू, काय असल ता माझ्यावर ठेव." आणि मग जरा हसून, ऑपरेशनच्या पायावर हात फिरवत म्हणाले, "तिनं ऐकला. पडलो तवा मना बरा वाटला. मनलं, झाला, तुझ्यावरचा गेला."

पोराला ठाऊक नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं. ढोल ऐकू आला की आंब्यावरून सर्वांत आधी मी उतरायचो. नियम मला पाठ होता, आणि बोट ठेवताना तो माझ्या मनातसुद्धा आला नाही. देऊळ कुठे आहे ते त्या नकाशावर मी बघितलं होतं. मला ठाऊक होतं हे बाबांनाही माहीत होतं, तेव्हा ते माझ्या बाजूच्याच खुर्चीत बसले होते. म्हणजे हा माणूस दरवर्षी देवीच्या पायावर डोकं ठेवून, माझ्यासाठी, तिच्याशी खोटं बोलत होता.

"साईं," शेजारी उठत म्हणाले, "उचलायचं?"

"आता तुम्ही वर धरा," मी म्हणालो, आणि खाली जाऊन खुर्चीचे पुढचे पाय धरले. सगळं वजन माझ्यावर आलं. अजून पाच मजले होते.